जुलाब लागल्यावर घरी काय करावं

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक कार्यक्रमात, सयाजीगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. श्रोत्यांनी नंतर विचारलेले काही प्रश्न शेवटी जोडले आहेत.)



आपल्या सचिवांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, विषय कोणता घेऊ? ते म्हणाले, "तुमच्या खात्यातलं, पण घरी उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा." मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या आरोग्य खात्यात लागलो. गेली वीसेक वर्षं औषधं देण्याच्या खिडकीमागे बसतो. पावसाळा सुरू झाला की आमच्या खिडकीसमोरची रांग पोटाच्या तक्रारींनी लांबते, आणि गणपती येईपर्यंत काही ती कमी होत नाही. म्हणून हाच विषय घेतला. औषधं देणारा माणूस आज तुम्हाला सांगायला आला आहे की यात बहुतेक वेळा औषध लागत नाही. ऐकायला जरा उलटं वाटेल.

जुलाब हा शब्द माईकवरून बोलायला आपल्याला संकोच वाटतो. जुने लोक ढाळ म्हणत, हगवण म्हणत. वैद्य अतिसार म्हणतात. आपली बडोद्याची मुलं तर सरळ गुजरातीतून "झाडा झालेत" म्हणून मोकळी होतात, आणि मला वाटतं तेच बरं. कारण घरातलं कोणी लाजून सांगितलंच नाही, तर निम्मा दिवस तिथेच जातो.

या आजारानं माणूस दगावतो तो कशानं, हे आधी समजून घेऊ. पोटातल्या जंतूमुळे दगावला असं आपण म्हणतो. खरं म्हणजे बहुतेक वेळा शरीरातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे दगावतो. पूर्वी पटकीची साथ यायची. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा. खेड्यापाड्यांत मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचे, म्हणजे साथ पुढे जाईल. पंढरीच्या वारीतही पटकी शिरायची. लोकांना वाटायचं देवीचा कोप. प्रत्यक्षात त्या माणसाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपलेलं असायचं. रक्त घट्ट व्हायचं, लघवी बंद पडायची, डोळे खोल जायचे.

यावर उपाय सापडला तो शिरेतून सलाईन देण्याचा. पण सलाईनला बाटली लागते, सुई लागते, टोचणारा हात लागतो. हजार माणसं एकदम आजारी पडली तर काय करायचं? हा प्रश्न १९७१ साली आपल्या देशात अक्षरशः उभा राहिला. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बंगालच्या सीमेवर बनगाव नावाचं गाव आहे, तिथल्या छावणीत कॉलरा पसरला. कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले. रुग्णालयात खाटा पुरेनात, माणसं जमिनीवर, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, तो ड्रममध्ये भरला आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजा म्हणाले, पाजत राहा. नर्स नाहीत, तर आई पाजेल, भाऊ पाजेल. अशा छावण्यांत जिथे शंभरातली तीस माणसं मरत होती, तिथे त्यांच्याकडे हा आकडा चारच्या खाली आला. तेव्हाच्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचा यावर विश्वास बसत नव्हता, कारण कॉलऱ्याच्या रोग्याला तोंडानं पाणी देऊन भागेल हे त्यांच्या शिक्षणात नव्हतं. डॉ. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पेपरात ती बातमी आतल्या पानावर बघून मला वाईट वाटलं. क्रिकेटरचा गुडघा दुखला तरी पहिलं पान मिळतं.

त्याच पाण्याची पुढे पाकिटं झाली. त्याला ओ.आर.एस. म्हणतात. महाराष्ट्रात त्याला जलसंजीवनी असं सुंदर नाव आहे.

आता हे चालतं कसं ते सांगतो, कारण कारण कळलं की चुका होत नाहीत. जुलाब लागलेले असताना नुसतं पाणी प्यायलं तर आतडं ते नीट शोषत नाही. नुसतं मीठही नीट आत जात नाही. पण ग्लुकोज सोबत असलं तर आतड्याच्या भिंतीवरचं एक दार उघडतं, त्यातून ग्लुकोज आणि मीठ जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. हे दार कॉलऱ्यातसुद्धा बंद पडत नाही. सगळी किमया एवढीच आहे. मात्र साखर प्रमाणात हवी. फार गोड पाणी आतड्यात गेलं तर उलट अंगातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक, डब्यातला फळांचा रस, एनर्जी ड्रिंक हे यावेळी नको. नुसती ग्लुकोज पावडरही नको, त्यात मीठच नसतं.

आता पाकिटाबद्दल. आमच्या खिडकीवर सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर बोलतो ते हेच. बाजारात दोन मापांची पाकिटं मिळतात. मोठं पाकीट साधारण वीस-एकवीस ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्यासाठी असतं. छोटं चार ग्रॅमच्या आसपासचं, ते २०० मिलिलिटरसाठी, म्हणजे एका पेल्यासाठी. लोक काय करतात? मोठं पाकीट फोडून निम्मं एका ग्लासात टाकतात आणि उरलेलं संध्याकाळसाठी घडी घालून ठेवतात. ते पाणी जवळपास अडीचपट कडक होतं. लहान बाळाला असं पाणी दिलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. पाकीट एकदम, सगळंच्या सगळं, सांगितलेल्या पाण्यात घालायचं. केलेलं पाणी झाकून ठेवायचं, चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं ओतून द्यायचं आणि नवं करायचं. ते पुन्हा उकळायचं नाही, त्यात आणखी साखर घालायची नाही, दुधात किंवा सरबतात तर मुळीच मिसळायचं नाही.

आता एक लिटर म्हणजे किती? आपण म्हणतो एक तांब्या. तुमचा तांब्या आजीच्या रुखवतातला पितळी असेल तर त्यात दीड लिटर मावेल, स्टीलचा नवा असेल तर पाऊणच. आज घरी गेल्यावर पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली घ्या, भरून तांब्यात ओता आणि कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा. पेल्याचंही तसंच करा. एकदाच करायचं काम आहे.

पाकीट नसेल तर? रात्री दोन वाजता जुलाब लागतात, तेव्हा दुकान उघडं नसतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा छोटा, पाच मिलिलिटरचा, वाढायचा नव्हे. सपाट म्हणजे वरून बोटानं निपटून. आणि पाजण्याआधी स्वतः चव घ्या. अश्रूंइतकंच खारट लागलं पाहिजे, त्याहून जास्त लागलं तर फेकून पुन्हा करा. लिंबू पिळलं तर चालेल. पाकिटातलं पोटॅशियम यात नसतं, म्हणून सकाळ झाली की पाकीट आणा.

हे आपल्या घरातल्या बाईमाणसांना अवघड जाईल असं कोणी म्हणू नये. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेनं १९८० पासून दहा वर्षं घरोघर बायका पाठवून हेच शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरं त्यांनी अशी केली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, शिकवणाऱ्या बाईचा पगार किती घरं केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरं माणूस जाऊन त्या घरातल्या आईला विचारायचं, काय काय लक्षात आहे? तिनं बरोबर सांगितलं आणि नीट करून दाखवलं तर शिकवणारीला जास्त पैसे. आमच्या खात्यातल्या सगळ्या ट्रेनिंगना हा नियम लावला तर काय होईल, हा विचार मनात येतो, पण तो इथेच सोडतो.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ संडासनंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्यानं. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. त्याहून मोठ्यांना पेलाभर आणि तहान असेल तर आणखी. उलटी झाली तर लोक पाजणं बंद करतात. बंद करू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा असं सुरू करा. गटागटा प्यायलं की उलटते, चमच्यानं दिलेलं बहुधा टिकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एकदाही तोडायचं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीविरुद्ध आहे. "पोटाला आराम द्या, काही खाऊ नका." लहान मुलाला एक दिवस उपाशी ठेवलं की ते अशक्त होतं आणि आतडं भरून यायलाही वेळ लागतो. भूक लागेल तसं हलकं खायला द्यायचंच. आणि आपल्या स्वयंपाकघरात यासाठी लागणारं सगळं आधीपासून आहे. कोकणातली मीठ घातलेली तांदळाची पेज घ्या. ढाक्याच्या संशोधन केंद्रात तांदळापासूनच ओ.आर.एस. करून बघितलं आणि कॉलऱ्याच्या रोग्यांत त्यानं संडासाचं प्रमाणही कमी होतं असं दिसलं. कारण पिष्टातून साखर हळूहळू सुटते, एकदम लोंढा येत नाही. मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, वरणाचं पाणी, मीठ घातलेलं ताजं पातळ ताक, पिकलेलं केळं, शहाळं. आपले शेजारी डाळीचं ओसामण करतात, आपण कट म्हणतो. फोडणी आणि तिखट न घालता तेही छान. तळलेलं, मसालेदार आणि फार गोड मात्र दोन दिवस बाजूला. गौरीच्या पुरणपोळीवर उतारा म्हणून कोणी आणखी एक पोळी खाऊ नये.

आता ज्येष्ठ मंडळींसाठी बोलतो, कारण या सभागृहात निम्म्याहून अधिक केस पांढरे आहेत, आणि पुष्कळ घरांत मुलं कॅनडात, अमेरिकेत किंवा पुण्याला आहेत. जुलाब म्हटलं की आपण बाळांचा विचार करतो. पण २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री पस्तीस फुटांवर गेली, परशुराम भठ्ठ्यापासून अकोट्यापर्यंत घराघरांत पाणी शिरलं, ते तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. पाणी ओसरल्यावर आठवडाभरात गणपती बसले. त्याच दिवसांत आमच्या जवळच्या एका सोसायटीतले एक आजोबा, वय शहात्तर, पहाटेपासून सात-आठ वेळा जाऊन आले. दोघंच घरी. पाणी प्यायलं की पुन्हा जावं लागतं आणि गुडघे तर उठू देत नाहीत, म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं. दिवसभरात कोरा चहा आणि अर्धा खाखरा. ब्लडप्रेशरची गोळी, जी लघवी जास्त करवणारी होती, ती मात्र नेमानं घेतली. संध्याकाळी संडासातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. आजार दोन दिवसांत बरा झाला, हाडाला सहा महिने लागले, आणि आता वॉकरशिवाय चालता येत नाही. चार तांबे जलसंजीवनीनं हे टळलं असतं असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण दिवसभर प्यायले असते तर उठताना ती चक्कर येण्याची शक्यता पुष्कळ कमी होती.

म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते, कधी लागतच नाही. त्यांची तहान बघून पाजू नका, घड्याळ बघून पाजा. प्रेशरची, मधुमेहाची, किडनीची गोळी चालू असेल तर जुलाबाच्या दिवशी ती घ्यायची की थांबवायची, हे आपल्या डॉक्टरांना सकाळीच फोन करून विचारा. स्वतःच्या मनानं बंदही करू नका आणि स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नका. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनीही आधी विचारावं. आणि परदेशातल्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर "बाबा, काळजी घ्या" म्हणण्यापेक्षा "आज किती पेले प्यायलात, लघवीला किती वेळा गेलात" असं विचारावं.

घरचा इलाज कुठे संपतो, हे माहीत नसेल तर घरचा इलाज करूच नये. संडासात रक्त दिसलं, ताप चढला, पोट फार दुखू लागलं, पाजलेलं काहीच टिकेना, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, बाळ रडताना डोळ्यांतून पाणी येईना, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू परत जाऊ लागली, माणूस सुस्त पडला किंवा भलतंच बोलू लागला, तर पाजत पाजत दवाखाना गाठा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर यातलं काही होण्याची वाट बघू नका. भाताच्या धुवणासारखे पांढरट, भरमसाट जुलाब होत असतील तर तास मोजू नका, लगेच निघा. आणखी एक नवीन शिकण्यासारखं २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात घडलं. सिंहगड रस्त्याच्या भागात गीयाँ-बारे नावाच्या आजाराची साथ आली, त्यातल्या पुष्कळांना आधी जुलाब झाले होते आणि संशय दूषित पाण्यावर होता. असं क्वचितच होतं. पण जुलाबानंतर पायांत जोर वाटेनासा झाला, मुंग्या वर वर चढू लागल्या, तर अशक्तपणा म्हणून घरी बसू नये.

आता गोळ्यांबद्दल, कारण ते माझं खातं. जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची हालचाल मंद करते. लहान मुलाला ती देऊ नये, आणि रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही नाही, कारण घाण आतच अडकते. अँटिबायोटिक तर बहुतेक वेळा उपयोगाचंच नसतं. बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात आणि तीन-चार दिवसांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र दुसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीला जातं. एक अपवाद सांगतो: लहान मुलांना झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. सरकारी केंद्रात ओ.आर.एस. आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं. रोटाव्हायरसची लसही बाळांना सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, नातवंडांचं कार्ड बघून घ्या.

पाण्याबद्दल थोडक्यात. सयाजीराव महाराजांनी १८९२ मध्ये आजव्याचं पाणी शहरात आणलं, तेव्हापासून आपण नळाला हात लावला की पाणी चांगलं असं धरून चालतो. पाणी तिकडून चांगलं निघतं, पण आपल्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर त्याला महाराज काय करणार? पूर ओसरल्यावर टाकी उपसून, घासून, क्लोरीन घालून मगच भरायची. तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्यायचं.

एवढं बोलून मी थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

एका काकूंनी विचारलं: आम्ही लहान बाळाला जायफळ आणि मुरडशेंग उगाळून द्यायचो, ते चुकीचं का?

मोठ्यांच्या घुटीबद्दल मी वाद घालणार नाही. पण लहान बाळाला जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, आणि जुलाब झालेलं बाळ गुंगीत आहे की पाणी कमी पडून सुस्त झालंय हे मग तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. सहाण उगाळेपर्यंत जो वेळ जातो त्यात चार चमचे जलसंजीवनी पोटात जाते.

एका सद्गृहस्थांनी विचारलं: मला डायबिटीस आहे, ओ.आर.एस.मध्ये साखर असते, मग मी काय घेऊ?

तेच घ्या. पूर्ण एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते मिठाला आत नेण्यासाठी असतं. ते टाळून अंगातलं पाणी कमी होऊ देणं जास्त धोक्याचं. साखर घरी तपासत राहा आणि डॉक्टरांना कळवा.

एका ताईंनी विचारलं: दुकानात खोक्यातलं तयार ओ.आर.एस. मिळतं, मुलं आवडीनं पितात, ते चालेल?

त्यातली बरीचशी नुसती गोड पेयं होती, नाव मात्र ओ.आर.एस. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं झगडा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांवर ओ.आर.एस. हा शब्द वापरायला मनाई केली. तरी जुना माल आणि जुनी सवय असतेच. घेताना पाकीट उलटं करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं असेल तर घ्या. मुलं आवडीनं पितात हीच खरं तर शंका घेण्याची खूण आहे, कारण खरं ओ.आर.एस. चवीला काही फार बरं लागत नाही.

शेवटी कार्यकारिणीतूनच प्रश्न आला: महाप्रसादाच्या दिवशी मंडळानं काय करावं?

भात आणि वरण केल्यावर चार-चार तास झाकून ठेवू नये, दोन खेपांत करावं. वाढणाऱ्यांसाठी हात धुवायला साबण आणि नळ पंगतीच्या जवळ असावा. कोशिंबीर आणि दही शेवटी कालवावं. आणि मंडळाच्या कपाटात, जिथे मेणबत्त्या आणि काडेपेटी असते तिथे, मोठी दहा पाकिटं ठेवावीत. त्यावरची मुदतीची तारीख दर वर्षी मूर्ती आणायला जाण्याच्या आदल्या दिवशी बघावी.